निळीचे खांदे

१

आमच्या बांतामा पेठेत कुणालाही विचारा, मेलेल्या माणसाला चारचौघांत शोभेल असं करायचं तर कुणाकडे जावं? माझ्याच दुकानाकडे बोट दाखवतील. 'आंटी आफ्राकोमा: शेवटचा मान.' पाटी मी स्वतः रंगवली आहे. सोळा वर्षांत एकही फलक परत आलेला नाही, एकही. अख्ख्या कुमासी शहरात दुसऱ्या कुणी असं सांगून दाखवावं.

आमच्याकडे माणूस गेलं की पुरण्याआधी त्याचा फलक लागतो. भिंतीवर, विजेच्या खांबावर, गाडीतळावर. तरणंताठं गेलं असेल तर वर 'केवढा हा आघात!' आणि पिकलं पान असेल तर 'देवाघरचं बोलावणं'. आता फोटो कसले आणून देतात म्हणता? कुणाच्या तरी लग्नात मागच्या रांगेत उभी, तोंडात घास. नाहीतर ओळखपत्रावरचा, पोलिसांनी पकडून आणल्यासारखा. मी त्यातला चेहरा कापून घेते, डाग काढते, उजळते आणि भरजरी कपड्यातल्या एखाद्या धडावर बसवते. जन्मभर विटका झगा घालून रस्त्याकडेला केंकी, मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे गोळे, विकणारी म्हातारी माझ्या फलकावर केंटेचं राजवस्त्र नेसून राणीसारखी बसते. तिच्या घरचे फलक बघतात आणि रडतात. ते रडणं म्हणजे माझी खरी मजुरी.

अशी चाळीस धडं माझ्याकडे आहेत. त्यातलं पहिलं आणि सगळ्यात देखणं म्हणजे निळी. निळ्या-पांढऱ्या केंटेत, नक्षीच्या आसनावर ताठ बसलेली बाई, मांडीवर हातावर हात. मानेच्या वर काही नाही. पोक्त बायकांना तीच शोभते. तीनशेच्या वर बायका बसवल्या असतील मी तिच्यावर.

निळी म्हणजे मी.

चौतीस वर्षांची असताना, ज्यांच्या हाताखाली हे काम शिकले त्या मास्तरांनी काढलेला फोटो तो. दुकान टाकलं त्याच आठवड्यात एक कुटुंब घाईत आलं, माझ्याकडे धड नव्हतं, मी माझा फोटो उघडला आणि माझंच मुंडकं उडवलं. वर शहाणपणा असा की त्याच फाइलवर सेव्ह केलं. छापील प्रत पुढे पुरात गेली. माझ्या डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे, लहानपणी फुफूसाठी उकडलेले कंद कुटताना मुसळाखाली सापडलेली. कुणी ओळखायला नको म्हणून निळीची करंगळी तेवढी सरळ करून टाकली. आजवर हे कुणाला सांगितलं नाही. पण गाडीतळावर शेजारची बाई भिंतीकडे बघून म्हणते, "काय रुबाबात बसलीय बघा!" तेव्हा मनात म्हणते, बसलंय कोण, ते विचार की बाई!

दुकानात गिऱ्हाइकासाठी माझ्या आईचं लाकडी आसन आहे. संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी मी ते एका कुशीवर आडवं करते. आमच्यात सगळेच करतात. रिकामं आसन उभं ठेवलं की कुणीतरी भटकं येऊन बसतं म्हणे. माझा असल्या गोष्टींवर फारसा विश्वास नाही, पण आईची सवय हाताला लागली ती लागली.

२

सोमवारी सकाळी संगणक लावला तर सगळं इकडचं तिकडे. रविवारी वीज येऊन-जाऊन होती, त्यात कधीतरी सॉफ्टवेअरनं आपलं आपण अपडेट उरकून घेतलं होतं. सोळा वर्षं डोळे मिटून जिथे हात जायचा तिथे आता भलतंच अवजार. माझ्या स्वयंपाकघरात शिरून कुणी मिठाचा डबा हलवला असता तर मी त्याचा हात मोडला असता. इथे कुणाचा मोडायचा?

सगळ्यात जास्त बदललं होतं मलम. त्याच्या चिन्हावर जखमेची चिकटपट्टी आहे, म्हणून मी त्याला मलम म्हणते. जुनं मलम आज्ञाधारक होतं. डागावर फिरवलं की शेजारची कातडी उचलून डागावर लावायचं, बस. नव्यावर सूचना होती: 'इथे जे असायला हवं ते आपोआप भरलं जाईल.'

"असायला हवं ते कुणी ठरवायचं?" मी ओरडले.

शेजारी बोआहेनचं छपाईचं दुकान आहे. फलक मी करते, छापतो तो. मधली भिंत फळ्यांची, त्यामुळे मी शिंकले तरी त्याला कळतं. तो दारात येऊन म्हणाला, "आंटी, तुझ्यापेक्षा हुशार कुणीतरी आलं वाटतं दुकानात."

"हुशार? अरे, तुझं ते यंत्र काळ्याला जांभळं छापतं तेव्हा रंग सांगायला कोण येतं रे?"

"तूच येतेस, माते. म्हणून तर म्हातारं व्हायला वेळ मिळत नाही मला."

त्याच दिवशी मामे दुफी नावाच्या म्हातारीच्या फलकाचं काम आलं. तिची मुलगी पोकुवा आणून देऊन गेली. शनिवारी गावी पुरण्याचं कार्य होतं, म्हणजे गुरुवारी छपाईला जायलाच हवं. पोकुवा म्हणाली, "आंटी, आईला आयुष्यात कधी चांगलं नेसायला मिळालं नाही. तेवढं तुम्ही करा."

"तू माझ्याकडे आलीस ना, मग आता घरी जा आणि झोप," मी म्हटलं.

निळी उघडली. दुफीचा चेहरा मानेवर ठेवला, अगदी मापात बसला. मांडीजवळ केंटेचा एक धागा निघालेला दिसत होता, त्यावर मलम फिरवलं. धागा गेला. आणि मांडीवरच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी झाली.

३

मी हसले. खरंच हसले. मग म्हटलं, आफ्राकोमा, डोकं चालव. जुनी रेषा फाइलीत कुठेतरी दबून राहिली असेल, या नव्या शहाण्यानं ती उकरून काढली. पण उकरणार कुठून? फाइल एकाच थराची होती, मीच सगळं सपाट करून सेव्ह केलेलं. सरळ बोटाच्या खाली काही नव्हतं. बरं, योगायोगानं बोट वाकडं काढलं म्हणावं, तर वाकडं नेमकं त्याच पेरातून, आतल्या बाजूला, नखाच्या कडेला तीच बारीक चीर. माझ्या हाताकडे बघून काढल्यासारखं.

मागे गेले. म्हणजे शेवटचा फेरफार रद्द केला, तसं बोट सरळ झालं. पुन्हा भलतीकडेच, आसनाच्या पायावर मलम फिरवलं. बोट वाकडं.

मी हार मानणारी बाई नाही. मंगळवारी अर्धा दिवस त्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगच्या पोटात शिरले आणि एका कोपऱ्यात चौकोन सापडला: 'जुनी पद्धत वापरा'. त्यात बरोबरची खूण केली. मलम पुन्हा पूर्वीसारखं सुतासारखं सरळ चालायला लागलं. मी बोआहेनला भिंतीवरून ओरडून सांगितलं, "बघ, कोण हुशार ते!" संध्याकाळी आसन आडवं केलं, कुलूप लावलं, आणि येताना स्वतःला तळलेली मसाल्याची केळी घेऊन खाल्ली.

बुधवारी सकाळी दार उघडलं तर आसन उभं.

बोआहेनकडे माझी दुसरी किल्ली असते. विचारलं तर म्हणाला, "मी कशाला येऊ? तुझ्याकडे चोरण्यासारखी मुंडकी सोडून आहे काय?" मग मी स्वतःलाच म्हटलं, काल केळ्यांच्या नादात आडवं करायचं विसरलीस. विसरले नव्हते. आडवं करताना त्याचा पाय माझ्या अंगठ्याला लागला होता, अंगठा अजून दुखत होता.

संगणक लावला. चौकोनातली खूण गेली होती.

४

बुधवारी दुपारी मी दुफीचा चेहरा तात्पुरता झाकला. निळीच्या मानेच्या वरच्या कडेला पांढरी किनार दिसत होती, कापल्यावर राहते तशी, ती पुसायची होती. वर नुसतं रिकामं. पंखा फिरत होता, पलीकडे बोआहेनचं यंत्र खडखडत होतं. मलम घेऊन मानेच्या कडेवरून एकदाच हात फिरवला.

हनुवटी आली.

हनुवटी आणि तिच्यावर मिटलेलं तोंड, म्हातारीचं. वरचं नाक-डोळे काही नाही, मी तिथवर मलम फिरवलंच नव्हतं. दुफीचं तोंड ते नव्हतं. माझंही नव्हतं. पण मी ते ओळखलं. खालच्या ओठावर भाजल्याचा पांढुरका ठिपका. बारा वर्षांपूर्वी मांपाँग गावच्या एका बाईचा फलक केला होता, तिच्या ओठावरचा तो ठिपका मी दोन तास खपून काढला होता. काढलेला डाग मी विसरत नाही. आईला लेकराच्या अंगावरचे तीळ आठवतात तसे मला ते आठवतात.

मागे गेले. मान रिकामी झाली. पुन्हा फिरवलं. दुसरं तोंड. दात पुढे, मीच आत ढकललेले. मागे. पुन्हा. तिसरं, एका बाजूला ओघळलेलं. मला नाव आठवलं तिचं. आणखी पाचदा फिरवलं असेल. एक तोंड दोनदा आलं नाही. रांग लावून उभ्या असल्यासारख्या एकेक येत होत्या आणि मी मागे गेले की मुकाट उतरत होत्या.

शेवटचं तोंड अर्धवट उघडं होतं, बोलता बोलता थांबल्यासारखं.

मागे माझ्या आईच्या आसनाचं लाकूड करकरलं. बसलेलं माणूस जरा सरकून दुसऱ्याला जागा देतं, तेव्हा वाजतं तसं. मी वळून पाहिलं नाही. का पाहू? दुकान माझं आहे. मी मागे गेले, फाइल बंद केली आणि बोआहेनच्या दुकानात जाऊन त्याला त्याच्या रंगांवरून चांगलं अर्धा तास झापलं.

"आंटी, आज एवढी का पिसाळलीस?" तो म्हणाला.

"भूक लागलीय," मी म्हटलं.

५

गुरुवारी सकाळी पोकुवा नमुना बघायला आली. सोबत तिच्या घराण्याचे वडीलधारे ओपानिन अमांक्वा, काळं वस्त्र खांद्यावरून घेतलेले, काठी टेकत. कार्याचं सगळं त्यांच्या शब्दानं चालतं. मी आसन उभं केलं, त्यांनी बसण्याआधी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि मग दारातल्या बाकड्यावरच टेकले.

मी पडद्यावर दुफी दाखवली. चेहरा मी असा उजळला होता की पोकुवानं तोंडावर हात घेतला. मला वाटलं, आता रडेल.

ती म्हणाली, "हा हात आईचा नाही."

"अगं, धड कुणाचंच नसतं ते. सगळेच असं करतात—"

"नाही, आंटी. तुमचा आहे." ती माझ्या डाव्या हाताकडे बघत होती. तो कळफलकावर होता. पडद्यावर दुफीच्या मांडीवर तीच करंगळी, त्याच पेरातून वाकलेली. रात्री मी ती सरळ करून ठेवली होती.

हात खाली घ्यायला मला उशीर झाला.

"जिवंत बाईच्या धडावर माझी आई?" पोकुवाचा आवाज चढला. "आम्ही हा फलक नेणार नाही. गावात तोंड दाखवायला जागा राहील का?"

सोळा वर्षांत पहिल्यांदा. कुणी माझ्या थोबाडीत दिली असती तरी एवढं लागलं नसतं. मी उसळून म्हणाले, "माझ्या धडात कमी काय आहे? तीनशे जणींना पुरलंय ते! राजघराण्यातली बाई बसलीय त्यावर!"

"तीनशे," ओपानिन अमांक्वा शांतपणे म्हणाले. त्यांनी माझ्या आईच्या आसनाकडे काठी केली. "मुली, उठताना हे काय करतेस तू?"

"आडवं करते."

"का?"

"भटकं कुणी येऊन बसू नये म्हणून."

"हे रोज आडवं करतेस. आणि ते," काठी पडद्याकडे वळली, "सोळा वर्षं उभं ठेवलंस. स्वतः उठलीस, मुंडकं घेऊन गेलीस आणि जागा तशीच उघडी. वर हाताला धरून एकेकीला बसवलंस. आता त्यांनी का उठावं?"

"मग फाइल पुसून टाकते. आत्ता, तुमच्यासमोर."

"बसलेल्याच्या खालून आसन ओढलं तर तो कुठे जाईल, सांग बरं?" म्हातारा थकल्यासारखा हसला. "पाहुण्याला ऊठ म्हणत नाहीत. मालकीण आली की तो आपणच उठतो. जा, आपल्या जागेवर बस. आणि लवकर बस, मुली. रिकामं कुठलंच राहत नाही. तिथे त्या बसल्या, तर इथे तुझ्याकडे काय येऊन बसेल, मला माहीत नाही."

६

आधी दुफी. नाव माझं पणाला लागलं होतं आणि छपाई त्याच दिवशी होती. पोकुवाला म्हटलं, "तीन तास दे. नाही आवडलं तर ही पाटी तू उतरव."

मलमाला हात लावला नाही. ठसा नावाचं जुनं अवजार आहे, त्याला अक्कल अजिबात नाही. इथलं उचल म्हटलं की उचलतं, तिथे ठेव म्हटलं की ठेवतं. आता हे कुणी वापरत नाही, हात लागतो त्याला. पोकुवानं दिलेला, कुणाच्या तरी लग्नातला दुफीचा फोटो घेतला, तिचं स्वतःचं धड, विटक्या झग्यातलं, तेच ठेवलं. आणि त्या झग्यावर केंटेची एकेक पट्टी, एकेक चौकोन ठशानं हातानं चढवत गेले, तिच्या स्वतःच्या वाकलेल्या खांद्यांवरून, तिच्या सुरकुत्यांवरून. तीन तासांत पाणीसुद्धा प्यायले नाही. झालं तेव्हा आपलं यंत्र बंद करून बोआहेन मागे येऊन उभा होता.

पोकुवानं बघितलं. आईच्या खांद्याला पडद्यावर बोट लावलं. "ही आईच आहे," म्हणाली आणि रडली. ओपानिन अमांक्वांनी उठून माझा हात हातात घेतला. असं काम कुमासीत आजवर झालेलं नाही. मी सांगते म्हणून नाही, जाऊन भिंतींवर बघा.

मग मी घरी गेले, पेटीतून तेच निळं-पांढरं केंटे काढलं आणि नेसून आले. पन्नास वर्षांची झाले तरी माझे खांदे तसेच आहेत. बोआहेनच्या हातात कॅमेरा दिला, आईचं आसन उजेडात ठेवलं, ताठ बसले, मांडीवर हातावर हात. माझा आजचा चेहरा घेऊन निळीवर बसवायचा, ठशानं, मलमाशिवाय, आणि सेव्ह करायचं. मालकीण जागेवर आली म्हणजे झालं.

"हसू नको," बोआहेन म्हणाला. "फलकासाठी आहे का?"

"तुझ्या फलकासाठी हसेन मी. काढ."

त्यानं एक फोटो काढला. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत बघितला, डोळ्यांजवळ नेला. "आंटी, हे तू कधी केलंस?"

"काय?"

"काही नाही. तूच बघ." कॅमेरा माझ्या टेबलावर ठेवून तो त्याच्या दुकानात निघून गेला. यंत्र लावल्याचा आवाज आला नाही.

आसन टेबलापाशी ओढून मी फोटो पडद्यावर घेतला. नुकताच काढलेला, कुणाचा हात न लागलेला. मी होते, माझा चेहरा, माझं केंटे. आणि गळ्याभोवती, केंटेच्या जरा वर, पांढरी बारीक रेघ. कापून बसवल्यावर राहते ती. एका बाजूला तर केसांची बटसुद्धा अर्धी कापलेली, शिकाऊ पोरं घाईत कापतात तशी.

खोटं कशाला बोलू, मला आधी भीती नाही वाटली. राग आला. माझ्या मानेवर असलं गचाळ काम? ज्यानं केलं त्याला वेळ नव्हता की हात नव्हता?

मग फोटोतल्या मांडीवरच्या हाताकडे बघितलं. आणि मग माझ्या खऱ्या हाताकडे. तो कळफलकावर होता. दोन्हीकडे करंगळी सरळ होती. सुरेख, नखापासून मुळापर्यंत सरळ. मी ती ओळखली, सोळा वर्षांपूर्वीचं माझंच काम.

निळीची फाइल मागे उघडीच होती. तिच्या मांडीवरची वाकडी करंगळी तेवढी खालच्या कोपऱ्यात दिसत होती, आणि ती हळूहळू, अवघडून बसलेल्या माणसासारखी, हलली. मान त्याच्या वर, पडद्याबाहेर होती. मी वर सरकवून बघितलं नाही.

आसन करकरलं. मी उठले नाही. आता उठायचं नाही, जागा रिकामी सोडायची नाही, एवढं मला कळलं आहे.

मानेला हात लावला. बोटाला कड लागली.

ठसा घेतला, आकार बारीक केला आणि डाव्या कानाच्या खालून सुरुवात केली. एकेक केस, एकेक ठिपका. इकडे पडद्यावरची रेघ पुसत जाते तसतशी मानेवरची कड बोटाला लागेनाशी होते. वेळ लागेल, लागू दे. मला कुणाच्या का खांद्यावर बसवलं असेना, शिवण दिसता कामा नये. बांतामात माझं नाव आहे.